दर हजारी पाच

खटाव तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात २०११ च्या जूनमध्ये मी अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, तेव्हा मुख्याध्यापकांनी सहा किल्ल्यांचा जुडगा आणि लाल कापडी बांधणीची, प्रत्येक पुस्तक क्रमांकानिशी टिपलेली दाखल नोंदवही माझ्यापुढे ठेवली आणि पदभार यादीवर सही करण्यास सांगितले. यादीत एकच ओळ होती : एकूण ग्रंथ ४,३१२, सर्व सुस्थितीत. मी सही केली. किल्ल्या हाती देताना सर सहज सांगावे तसे म्हणाले, "मॅडम, पुस्तक हरवलं तर वसुली ग्रंथपालाच्या पगारातून होते, एवढं ध्यानात असू द्या."

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत मी एकटीने पुस्तके मोजली. नोंदवही मांडीवर घेऊन एकेका दाखलांकापुढे पेन्सिलीने खूण करीत गेले आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी हिशेब लागला तो ३,५८७ चा. सव्वासातशे पुस्तके जागेवर नव्हती आणि ती जागेवर असल्याचे माझ्या सहीनिशी नोंदलेले होते. पुस्तकामागे सरासरी चाळीस रुपये धरले तरी एकोणतीस हजार रुपये होत होते. अर्धवेळ पदाच्या पगारात ती रक्कम फेडायला मला किती महिने लागले असते, याचा हिशेब मी त्या रात्री केला आणि तो कागद फाडून टाकला. शाळेत कोणालाही काही सांगितले नाही.

पुढची सहा वर्षे मी ग्रंथालय चालवले ते त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये अशा बेताने. कपाटे कुलूपबंद, किल्ल्या कमरेला, आठवड्यातून एका तासाला खिडकीतून देवघेव, आणि तीही वर्गशिक्षकाने चिठ्ठी दिलेल्या मुलांपुरती. बाहेरून पाहणाऱ्याला हे शिस्तीचे ग्रंथालय वाटत असे. शाळा तपासणीच्या अहवालात 'ग्रंथालय व्यवस्थित ठेवले आहे' असा शेराही एकदा मिळाला. शालेय ग्रंथालयांविषयीच्या लेखनात मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी याविषयी भरपूर सापडते. पुस्तके सांभाळणाऱ्याच्या मनातील भीतीविषयी फारसे सापडत नाही. माझ्या बाबतीत सारे अडले होते ते त्या भीतीपाशी, म्हणून ती सुटण्याची प्रक्रिया जशी घडली तशी लिहिते आहे.

आमच्या पदाची स्थिती आधी सांगायला हवी. आपल्या राज्यात माध्यमिक शाळेचा पट हजाराच्या पुढे असेल तर पूर्णवेळ ग्रंथपालाचे पद मिळते आणि पाचशे ते हजार असेल तर अर्धवेळ. आमचा पट सहाशेच्या आसपास, त्यामुळे दरवर्षी संच मान्यता, म्हणजे पटावरून पदे ठरवणारी मंजुरी, आली की पहिल्यांदा तो आकडा पाहायचा, ही सवय मला अजून आहे. पद शिक्षकेतर. एखाद्या वर्गावर शिक्षक नसले की ग्रंथपाल शिक्षक होतो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असले की लिपिक होतो आणि वेतनाचा किंवा दर्जाचा विषय निघाला की पुन्हा शिक्षकेतर होतो. नवोदय विद्यालयांच्या भरतीत मात्र ग्रंथपालाला संगीत, कला आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांबरोबर एका गटात धरतात. साताऱ्याजवळ खावलीला नवोदय आहे, तिथली जाहिरात मी एकदा शेवटपर्यंत वाचली होती. नेमणूक देशात कोठेही होऊ शकते हे वाचल्यावर ती घडी घालून ठेवली, कारण घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या.

२०१६ मध्ये मी दूरशिक्षणाने ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतला. पुढेमागे पूर्णवेळ पद झालेच तर पदवी नाही म्हणून संधी जाऊ नये, हे सांगण्याजोगे कारण होते. न सांगण्याजोगे कारण असे की, त्या सव्वासातशे पुस्तकांतून सुटण्याची एखादी वाट पाठ्यपुस्तकात सापडेल अशी मला आशा होती. संपर्क सत्रे रविवारी साताऱ्यात असत. पहाटेची एस.टी. पकडून पुसेगाव, कोरेगाव करीत साडेनऊपर्यंत पोहोचायचे आणि परतताना पोवई नाक्यावर काहीतरी खाऊन निघायचे, असे वर्षभर चालले. अभ्याससाहित्य पहिली चाचणी उलटून गेल्यावर आले. वर्गात आम्ही चौतीस जण होतो : माझ्यासारखे अर्धवेळ ग्रंथपाल, गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांतील सेवक, नोकरीच्या शोधातील पदवीधर, आणि ग्रंथालयाचा कार्यभार अंगावर आल्यामुळे नाइलाजाने आलेले तीन शिक्षक.

प्रात्यक्षिकासाठी ड्यूई दशांश वर्गीकरणाचे चार जाडजूड खंड होते आणि ते चौतिसांत एकच संच होते, त्यामुळे आम्ही ते गोल बसून एकमेकांकडे सरकवत वापरत असू. विषयानुसार पुस्तकाला अंक देण्याच्या, ड्यूईने १८७६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ असा येतो. त्यापुढे कवितेला १, नाटकाला २, कथा-कादंबरीला ३. इंग्रजी साहित्याला तीन अंकांत घर मिळते आणि आमच्या शाळेच्या कपाटातील निम्म्याहून अधिक पुस्तकांना मात्र पाच-सहा अंकांनंतर, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा वर्गात थोडी कुरकुर झाली. तालिकीकरणात, म्हणजे पुस्तकांची सूची करताना, टोपणनावांनी छळले. कुसुमाग्रजांची कविता आणि वि. वा. शिरवाडकरांचे नाटक एकाच नावाखाली नोंदवायचे की दोन, यावर आमच्या समंत्रकांनी, म्हणजे संपर्क सत्रात शिकवणाऱ्या अध्यापकांनी, पाऊण तास घेतला आणि शेवटी म्हणाले, "वाचक ज्या नावाने मागेल ते नाव धरा आणि दुसऱ्या नावावरून निर्देशी नोंद करा." पदवीच्या वर्षातील मला सर्वांत उपयोगी पडलेली वाक्ये निवडायची झाली तर हे त्यातले पहिले.

दुसरे अर्थातच रंगनाथन यांचे. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे पहिले सूत्र प्रमाणपत्र परीक्षेच्या वेळीही मी पाठ केले होते आणि चार गुणांना लिहिले होते. या खेपेस त्याचे मूळ विवेचन वाचताना युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकात पुस्तके साखळीने फळीला जखडून ठेवीत, हा भाग आला आणि मी वाचता वाचता थांबले. माझ्या कमरेला त्या वेळीही जुडगा होता, कारण रविवारी तो घरी ठेवायला माझे मन धजत नसे.

एप्रिल २०१७ मधील एका रविवारी सत्र संपल्यावर मी समंत्रकांना सव्वासातशेची गोष्ट सांगितली. ते एका महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते, निवृत्तीला आलेले. त्यांना धक्का वगैरे बसला नाही. त्यांनी विचारले, "तुमच्या आधीची पडताळणी कधीची?" मी सांगितले की, नोंदवहीत शेवटची सही १९९४ ची आहे. "म्हणजे सतरा वर्षं कोणी मोजलं नाही. मग ती तुमच्या काळात गेली असं कोण म्हणेल?" त्यानंतर त्यांनी केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१५ ची गोष्ट काढली आणि पुढच्या रविवारी त्याची छापील प्रत आणून दिली.

तो नियम मी अनेकदा वाचला आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले, तर अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसल्यास ती हानी वाजवी समजावी. मात्र हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक किंवा कोणत्याही किमतीचे दुर्मीळ पुस्तक गेले तर चौकशी झालीच पाहिजे, असा त्याचा आशय आहे. त्याच नियमात वीस हजारांपर्यंतच्या ग्रंथसंग्रहाची दरवर्षी पूर्ण पडताळणी करण्यास सांगितले आहे. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठीचा, आमच्यासारख्या खाजगी अनुदानित शाळेवर तो बंधनकारक नाही, हे समंत्रकांनी दोनदा बजावले. "पण दाखवायला काय हरकत आहे?" असेही म्हणाले.

घरी आल्यावर मी त्या नियमाला आमचे आकडे लावून पाहिले. २०१६-१७ मध्ये आमच्या ग्रंथालयातून वर्षभरात २८६ पुस्तके दिली गेली होती. दर हजारी पाच या दराने मला वर्षाला जेमतेम एक पुस्तक माफ होते. तीन हजार पुस्तके दिली असती तर पंधरा माफ झाली असती. म्हणजे ही सवलत कपाटात किती पुस्तके आहेत यावर अवलंबून नाही, ती किती दिली यावर आहे. जो देतो त्यालाच हरवण्याची मुभा आहे. सहा वर्षे मी कमीत कमी पुस्तके देऊन स्वतःला सुरक्षित समजत होते आणि नियमाच्या दृष्टीने नेमकी उलटी बाजू धरून बसले होते. रुक्ष सरकारी भाषेतील त्या चार ओळी लिहिणाऱ्याला ग्रंथालयाची जाण असली पाहिजे, असे मला अजूनही वाटते.

मे महिन्यात परीक्षा झाली आणि जूनमध्ये मी मुख्याध्यापकांपुढे अर्ज ठेवला. मधल्या काळात आधीचे सर निवृत्त होऊन नवे आले होते. त्यांनी अर्ज वाचला, नियमाची प्रत वाचली आणि एकच विचारले, "सहा वर्षं गप्प का बसलात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी ते जुळवायचा प्रयत्नही केला नाही. शाळा समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी वसुलीचा विषय काढलाच. परंतु सतरा वर्षांत पडताळणी झाली नसेल तर वसुली एकट्या ग्रंथपालाकडून कशी करणार, असे सरांनी विचारल्यावर तो तिथेच राहिला. नव्याने पडताळणी करावी, न सापडलेल्या ग्रंथांची स्वतंत्र यादी करून ती समितीच्या ठरावाने नोंदवहीतून कमी करावी आणि निरुपयोगी ग्रंथांचे निर्लेखन करावे, म्हणजे ते रीतसर संग्रहातून काढून टाकावेत, असा ठराव झाला. मी, मराठीचे ज्येष्ठ शिक्षक आणि लिपिक अशी तिघांची समिती नेमली गेली.

निर्लेखनाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण शाळांमध्ये सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. एकतर कोणी ते करत नाही, किंवा रद्दीवाला दारात उभा करून एका दुपारी उरकून टाकतात. आम्ही प्रत्येक पुस्तक हातात घेऊन चार खाती पाडली : वाळवीने किंवा ओलीने गेलेली, कालबाह्य, गरजेपेक्षा जास्त प्रती असलेली, आणि दुरुस्त करून ठेवण्याजोगी. यादीत दाखलांक, नाव, किंमत आणि कारण असे चार रकाने ठेवले. 'कारण' या रकान्यात नुसते 'जीर्ण' लिहायचे नाही, काय झाले ते लिहायचे, हा लिपिकांचा आग्रह होता आणि तो पुढे लेखापरीक्षणाच्या वेळी आमच्या कामी आला. जागतिक सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकात सोव्हिएत युनियन जगातील सर्वांत मोठा देश म्हणून नांदत होता आणि ते पुस्तक 'स्पर्धा परीक्षा' असे लेबल लावलेल्या कप्प्यात होते. जुन्या अभ्यासक्रमांची मार्गदर्शके तर दीडशेच्या वर निघाली.

खाली बसून कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा काढत असताना एक बालकथांचे पुस्तक हाती आले. कव्हर कोरे करकरीत, पाने पिवळी पडलेली, आणि तारीख चिठ्ठीवर एकही शिक्का नाही. खरेदीची तारीख १९८७ ची होती. तीस वर्षांत ते एकदाही कपाटाबाहेर गेले नव्हते. डांबरगोळ्यांचा वास मात्र त्याला पुरेपूर लागला होता. मराठीच्या सरांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "हे कोणत्या खात्यात टाकायचं?" ते ना फाटले होते, ना कालबाह्य झाले होते. ते आम्ही ठेवले. त्या वर्षी सहावीच्या अकरा मुलांनी ते नेले आणि मार्चपर्यंत त्याची पाठ सुटून आली, तेव्हा ते दुरुस्तीच्या खात्यात गेले.

एकूण १,०४० पुस्तकांचे निर्लेखन झाले. उरली २,५४७. आकडा निम्म्याजवळ आलेला पाहून सर अस्वस्थ झाले, कारण ग्रंथसंख्या हा शाळेच्या माहितीपत्रकातील अभिमानाचा आकडा होता. खरा आकडा छापायचा की जुना, यावर आमचे थोडे वाजले. शेवटी खरा छापला गेला.

त्या जुलैत कपाटांची दारे काढली. हे शब्दशः लिहिते आहे. बिजागऱ्या सोडवून दारे अडगळीच्या खोलीत ठेवली. आमचे शिपाई मामा स्क्रू काढता काढता म्हणाले, "बाई, उघडं ठेवलं तर पोरं एक पान शिल्लक ठेवायची न्हाईत." मुक्तद्वार पद्धतीत, म्हणजे वाचकाने स्वतः फळीवरून पुस्तक घेण्याच्या रीतीत, दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ८९१.४६३ चा काही उपयोग नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळले. वर्गांक पुस्तकाच्या आत ठेवले आणि पाठीवर रंगीत पट्ट्या लावल्या : गोष्टींना पिवळी, कवितांना लाल, विज्ञानाला निळी, चरित्रांना हिरवी. दोन पट्ट्यांचे पुस्तक कोठे ठेवायचे, यावरून पाचवीतल्या मुलींनी माझ्याशी जो वाद घातला तो पदवीच्या वर्गातील टोपणनावांच्या वादापेक्षा कमी प्रतीचा नव्हता. यादी संगणकावर घेताना मात्र एक चूक झाली. पहिली सातशे नावे मी जुन्या मराठी फाँटमध्ये टंकली आणि दुसऱ्या संगणकावर फाइल उघडताच त्यांची विचित्र चिन्हे झाली. सगळे पुन्हा युनिकोडमध्ये टंकावे लागले. ग्रंथालयाच्या संगणक प्रणालींची नावे आम्ही पदवीला शिकलो होतो, तरी अडीच हजार पुस्तकांच्या एका खोलीला साधा तक्ता पुरतो, असे माझे मत आहे.

२०१७-१८ मध्ये देवघेव ३,१२० वर गेली. मार्चच्या पडताळणीत १९ पुस्तके सापडली नाहीत. दर हजारी पाचने १५ माफ होती, म्हणजे चार जास्त. मी ते तसेच लिहून सरांपुढे ठेवले. त्यांनी हिशेब पाहून शेरा मारला : 'शोध चालू ठेवावा.' एरवी असले शेरे फाइल झाकण्यासाठी असतात, पण आम्ही खरोखर शोध चालू ठेवला आणि दिवाळीपर्यंत सात परत आली. दोन दप्तराच्या तळाशी, एक एका आजोबांच्या उशाशी, तीन वर्गाच्याच कपाटात. सातवे जूनमध्ये शाळा उघडल्यावर आले. मेंढरे घेऊन दिवाळीनंतर खाली उतरणाऱ्या कुटुंबातील सहावीतली मुलगी ते घेऊन गेली होती. खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणलेले, मागचे पान नसलेले. "मागचं पान धाकट्यानं फाडलं," एवढेच ती म्हणाली आणि दंड किती म्हणून हाताची मूठ उघडली. मुठीत पाच रुपयांचे नाणे होते. दंड घेतला नाही. त्या वर्षापासून, स्थलांतर करणाऱ्या मुलांना दिवाळीआधी चार पुस्तके आणि परतीची तारीख थेट जून, अशी वेगळी नोंद ठेवते.

याच सुमारास आमचा गट जमला. तो नोंदणीकृत नाही, त्याला नाव नाही, फक्त महिन्याचा दुसरा शनिवार ठरलेला आहे. पदवीच्या वर्गातील तिघे, शेजारच्या गावांतील दोन अर्धवेळ ग्रंथपाल, आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील चार शिक्षक असे आम्ही नऊ जण पाळीपाळीने एकेका शाळेत जमतो. प्राथमिक शाळांना ग्रंथपालच नसतो. समग्र शिक्षा अभियानातून त्यांना ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांचे अनुदान धरलेले आहे, पण त्यातून काय घ्यावे हे ठरवण्याइतकी सवड कोणाला नसते आणि मग विक्रेत्याने बांधून आणलेला गठ्ठा घेतला जातो. आम्ही पहिले काम हेच केले की, गठ्ठा घ्यायचा नाही. चार शाळांनी मिळून याद्या केल्या, एकमेकींकडे नसलेली पुस्तके घेतली आणि दर तीन महिन्यांनी पेट्या फिरवल्या. साताऱ्याच्या ग्रंथमहोत्सवात पुस्तक प्रत्यक्ष उघडून पाहता येते, त्यामुळे खरेदी होता होईल तो तिथे करायची असेही ठरले.

दुसऱ्या वर्षी आम्ही भिलारला गेलो. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झाले, हे सर्वांना वृत्तपत्रांतून माहीत होते. घराघरांत विषयवार पुस्तके ठेवलेली आहेत आणि कोणीही जाऊन बसून वाचावे, अशी तिथली रीत. मी एका घराच्या पडवीत तासभर बसले होते. घरच्या बाई समोर अंगणात काम करीत होत्या, आत-बाहेर जात होत्या, आणि त्या तासात त्यांनी एकदाही माझ्या हाताकडे पाहिले नाही. आमच्या गटातील एक शिक्षिका परतताना एस.टी.त म्हणाल्या, "मी मुलांना पुस्तक देते तेव्हा माझी नजर त्यांच्या हातावरच असते." आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प होतो.

मार्गशीर्षात एका बांधणीकाराला बोलावून आम्ही दुरुस्तीचे शिबिर घेतले. पिठाची लई कशी शिजवायची, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद कसे घालायचे, सुटलेला फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, कसा शिवायचा, हे त्यांनी दोन दिवसांत शिकवले. मोरचूद विषारी असते, म्हणून लई मुलांच्या हाती द्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. शिवण मात्र नववीच्या मुलांनी केली. शिपाई मामा दोन्ही दिवस खुर्ची ओढून बसले होते. आता शाळेतील पुस्तके तेच शिवतात आणि कोणी पान दुमडलेले दिसले तर माझ्याआधी तेच ओरडतात.

गावाच्या सहभागाचा अनुभव संमिश्र आहे. आमच्याकडील घरटी एक तरी माणूस मुंबई-नवी मुंबईला असतो आणि चैत्रातल्या यात्रेला सगळे गावी येतात. २०१९ च्या यात्रेत आम्ही मंडपाशेजारी टेबल मांडून पुस्तके द्या असे आवाहन केले. तीन दिवसांत साडेपाचशे पुस्तके जमली आणि त्यांतील चारशे घेण्याजोगी नव्हती : जुन्या परीक्षांची मार्गदर्शके, कंपन्यांच्या रोजनिश्या, दूरध्वनी निर्देशिका, एका सद्गृहस्थांनी तर मुलाची भरलेली गृहपाठाची वही दिली. ती नाकारणे अवघड गेले, कारण देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले गेले होते. पुढच्या खेपेपासून आम्ही हव्या असलेल्या चाळीस पुस्तकांची यादी किमतीसह मंडपात लावतो आणि देणाऱ्याने एका नावापुढे सही करायची. माथाडी कामगार असलेल्या एका गृहस्थांनी यादीतील सर्वांत महाग पुस्तक, पक्ष्यांचे रंगीत कोशवजा पुस्तक, निवडले आणि पावती मात्र आईच्या नावाने मागितली.

गावातील सार्वजनिक वाचनालय 'ड' वर्गाचे, म्हणजे शासनाच्या वर्गवारीत सर्वांत खालच्या पायरीचे आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मुले मोकळी असतात तेव्हाच शाळेचे ग्रंथालय बंद असते, यावर उपाय म्हणून आम्ही सुटीपुरत्या दोन पेट्या त्या वाचनालयात ठेवतो. यासाठी संस्थेचे पत्र, वाचनालयाच्या कार्यकारिणीचा ठराव आणि पुस्तकांची दोन प्रतींतील यादी, एवढी कागदपत्रे लागली. पहिल्या वर्षी पत्र मिळायला सुटी निम्मी संपली होती.

गटातील लोकांच्या नोकरीत काय फरक पडला, हेही लिहिले पाहिजे. आमच्यातील एकाने पुढे एम.लिब. ही पदव्युत्तर पदवी घेऊन महाविद्यालयीन पदांसाठीची सेट परीक्षा उत्तीर्ण केली आणि तो आता महाविद्यालयात आहे. एक शिक्षिका खुल्या परवान्याने कथा उपलब्ध करून देणाऱ्या स्टोरीवीव्हरवरील मराठी गोष्टी छापून आपल्या वाडीवरील शाळेत वापरतात आणि आता स्वतः भाषांतरही करतात. माझे पद अर्धवेळच आहे. पदवीमुळे पगारात एका पैशाचा फरक पडलेला नाही आणि पट हजारावर जाण्याची चिन्हे नाहीत. उलट शेजारच्या गावात इंग्रजी माध्यमाची शाळा निघाल्यापासून तो घसरतो आहे. पाचशेच्या खाली गेला तर काय, हा प्रश्न मी दर सप्टेंबरात बाजूला ठेवते.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. पूर्वी आम्ही मैदानात सतरंजीवर पुस्तके मांडून छायाचित्र काढत असू आणि मोजून परत कुलपात ठेवत असू. मोजण्याचे काम माझे होते आणि त्या दिवशी मी मुलांपेक्षा पुस्तकांकडेच पाहत असे. आता त्या दिवशी वेगळे काही करत नाही, छायाचित्र मागितले तर नेहमीच्या देवघेवीचे देते. त्यात एकदा एक मुलगा नाकात बोट घालून वाचताना आला आणि ते बदलून मागितले गेले.

गेल्या मार्चच्या पडताळणीत देवघेव ३,८६० होती आणि ११ पुस्तके आढळली नाहीत. माफीची मर्यादा १९ ची होती. त्या अकरांत पक्ष्यांचे ते महाग पुस्तक आहे. त्याची किंमत हजाराच्या वर, म्हणून नियमाप्रमाणे चौकशी आवश्यक. मी तसा अर्ज दिला असून सरांनी तिघांची समिती नेमली आहे. शेवटची नोंद आठवीतील एका मुलाच्या नावावर आहे आणि तो म्हणतो की त्याने ते परत केले. मला तो खरे बोलतो आहे असे वाटते, म्हणजे चूक माझ्या नोंदीत असावी. या शनिवारी समितीची पहिली बैठक आहे आणि त्याआधी जानेवारीपासूनच्या सगळ्या तारीख चिठ्ठ्या मला पुन्हा तपासायच्या आहेत.